तुरुंगावरचा लघुपट करताना: अर्ज, पत्र्याची शेड आणि बावीस मिनिटे

मे २०२५ मध्ये आमच्या बावीस मिनिटांच्या लघुपटाचा पहिला जाहीर खेळ झाला, तेव्हा त्याच्या संहितेची पहिली ओळ लिहून एकवीस महिने उलटले होते. शिक्षा भोगून तुरुंगातून सुटलेला एक माणूस आणि अकरा महिन्यांनी त्याच फाटकातून त्याचे पुन्हा आत जाणे, एवढाच त्याचा विषय आहे. हौशी नाटकांत माझी बरीच वर्षे गेली असली, तरी कॅमेऱ्याच्या कामाचा मला गंधही नव्हता, आणि कोणता अर्ज कोणाच्या नावे करायचा, हे सांगणारेही कोणी भेटले नाही. तुरुंग, पोलीस किंवा न्यायालय यांच्याशी संबंधित काही चित्रित करू पाहणाऱ्यांना निदान आमच्या चुका तरी उपयोगी पडाव्यात, म्हणून तारखा, खर्च आणि वाट पाहण्यात गेलेले दिवस जसे घडले तसे लिहून ठेवत आहे.

सुरुवात ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. माझी एक वकील मैत्रीण विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर आहे. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे खटले ती चालवते. एका संध्याकाळी ती न्यायालयातून थेट माझ्याकडे आली आणि चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाली, “अगं, त्याला सोडवून वर्षही झालं नाही आणि आज रिमांडला तोच समोर उभा. मला वाटलं, मान खाली घालेल. तर म्हणतो, ‘मॅडम, जेवलात का?’” ते वाक्य मी त्याच रात्री वहीत टिपून ठेवले. पुढच्या तीन आठवड्यांत मी जी संहिता लिहिली ती मात्र जवळपास संपूर्णपणे तुरुंगाच्या आतली होती: भिंती, गज, मारामारी, रात्रीचा अंधार. बावीसपैकी चौदा मिनिटे आत आणि आठ बाहेर, अशी तिची विभागणी होती. मी तुरुंग कधी पाहिलेला नव्हता. पाहिले होते ते फक्त पडद्यावरचे तुरुंग.

सप्टेंबरमध्ये सुटका झालेल्या बंद्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेमार्फत मला एक गृहस्थ भेटले. मी त्यांना दादा म्हणते; ते मला पहिले दोन महिने मॅडम म्हणत होते, मग ताई म्हणू लागले. (मुंबईच्या बाजूला राहणाऱ्यांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाची माहिती जरूर घ्यावी, तो १९९० पासून याच क्षेत्रात आहे.) दादांनी सहा वर्षे आत काढली होती. कशासाठी, हे मी विचारले नाही, आणि अशा कामात पडणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की ते विचारू नये. सांगायचे असेल तर माणूस स्वतःहून सांगतो. संहितेवरचा सल्ला आणि तालमींना हजेरी यांसाठी आम्ही त्यांना दहा हजार रुपये दिले आणि एका पानाचा करार केला. आपल्या बोलण्यातला कोणताही भाग वगळण्याचा आणि आपले नाव कधीही काढून घेण्याचा हक्क त्यांच्याकडे राहील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हे शेवटचे कलम मैत्रिणीने घातले होते आणि ते पुढे कामाला आले.

दादांनी संहिता दोनदा वाचली आणि कागद माझ्यासमोर सरकवून एकेक गोष्ट काढली. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे कोणीच घालत नाही. शिक्षा लागलेल्याला पांढरा पोशाख आणि टोपी असते, आणि ज्याचा खटला अजून चालू आहे तो स्वतःच्याच कपड्यांत असतो. रात्रीचे जेवण रात्री नसते. दुपारी चारनंतर वाटप होते, सूर्य मावळायच्या आत मोजणी होऊन बराकी बंद होतात आणि भूक लागेल तेव्हा गार झालेले अन्न खायचे असते. मी मोठ्या हौसेने लिहिलेला अंधारातला प्रसंग तर त्यांनी सरळ खोडायला लावला, कारण बराकीतला दिवा रात्रभर चालू असतो. “सुटून आलो, त्या रात्री बहिणीनं दिवा बंद केला,” ते म्हणाले, “आणि मला झोपच लागेना. तिला सांगायचं तरी कसं, की दिवा लाव म्हणून?”

मग त्यांनी खडू मागितला. आमची तालीम एका शाळेच्या सभागृहात चालत असे. त्यांनी फरशीवर गुडघे टेकून दोन समांतर रेघा ओढल्या, मध्ये आपला हात आडवा ठेवून अंतर तपासले, डावीकडची रेघ पुसून ती चार बोटे आत घेतली आणि आमच्या मुख्य नटाला त्यात झोपायला सांगितले. तो उताणा झोपला तर त्याचे दोन्ही खांदे रेघांच्या बाहेर गेले. “कुशीवर,” दादा म्हणाले. “आता तुझ्या पाठीमागचा वळला की तूही वळायचं.” त्यांनी शेजारी आणखी पाच जणांसाठी रेघा ओढल्या, सहाही नट आडवे झाले आणि दादांच्या एका शब्दावर सगळ्यांनी एकदम कूस बदलली. हसायला सुरुवात झाली होती, ती दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला थांबली. लघुपटातले पहिले दृश्य हेच आहे. मी लिहिलेल्या मारामारीचे एकही दृश्य उरले नाही.

दादांचे म्हणणे खरे असले, तरी ते एका माणसाचे आणि एका तुरुंगाचे होते, म्हणून ९ ऑक्टोबर २०२३ रोजी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि बंद्यांचा दैनंदिन कार्यक्रम, त्यांना मिळणाऱ्या वस्तूंची यादी व कामाच्या मोबदल्याचे दर मागितले. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा असतो, मजकूर दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय चालतो. माझा पहिला मसुदा चारशे शब्दांचा होता आणि त्यात मी अकारण लघुपटाचे महत्त्व पटवून देत होते. माहिती कशासाठी हवी आहे हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर नसते, हे मैत्रिणीने सांगितल्यावर तो आपोआपच लहान झाला. तीस दिवसांत उत्तर आले नाही. २० नोव्हेंबरला वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील केले, आणि १८ डिसेंबरला सात पानांचे नीटनेटके उत्तर घरी आले. वस्तूंच्या यादीतले थाळी आणि चंबू हे शब्द मी तिथे प्रथमच छापलेले पाहिले. अर्जाची प्रत आणि टपालाची पोच जपून ठेवा. अपिलाच्या वेळी त्याच दोन कागदांवर सगळे उभे राहते.

त्याच सुमारास राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा तुरुंगविषयक अहवाल प्रसिद्ध झाला. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे बोलीतले कच्चे कैदी होते. शेकड्याला जवळपास शहात्तर. माझ्या संहितेतल्या बराकीत सगळेच पांढऱ्या पोशाखातले, शिक्षा झालेले होते. मध्यवर्ती कारागृहात दोन्ही प्रकारचे बंदी असले, तरी त्यांना वेगवेगळे ठेवले जाते, म्हणून नायकाच्या आठवणीतला कच्च्या कैदेचा काळ वेगळा काढून तिथे रंगीबेरंगी शर्टांची गर्दी दाखवायची, असे ठरले. वेशभूषेचा खर्च त्यामुळे वाढला नाही, उलट कमी झाला. प्रत्येकाने घरून जुने कपडे आणले.

खऱ्या तुरुंगात चित्रीकरण करण्याचा मोह मला सुटत नव्हता. १२ जानेवारी २०२४ रोजी कारागृह विभागाच्या वरिष्ठ कार्यालयात अर्ज दिला. सोबत संपूर्ण संहिता, चमूतील अकरा जणांची ओळखपत्रे, उपकरणांची क्रमांकांसह यादी आणि हमीपत्र जोडले होते. २०१५ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना ज्या मार्गदर्शक सूचना पाठवल्या, त्यांत अशा अर्जासाठी किमान तीस दिवसांची आगाऊ मुदत, एक लाख रुपयांची अनामत आणि ध्वनिचित्रमुद्रण तुरुंग अधिकाऱ्यांकडून तपासून घेणे या गोष्टी आहेत. एक लाख रुपये परत मिळणार असले, तरी आधी उभे करावे लागतात, हे आम्ही अंदाजपत्रकात धरलेच नव्हते. मी दर पंधरवड्याला जाऊन आवक क्रमांक दाखवत असे. पंचाहत्तर दिवसांनी, २७ मार्चला, उत्तर आले: सुरक्षेच्या कारणास्तव चित्रीकरणास परवानगी नाही, मात्र अभ्यासासाठी तीन व्यक्तींना, कॅमेरा व मोबाईलशिवाय, एका भेटीची मुभा. त्या दिवशी फार वाईट वाटले. आज मात्र वाटते की नकार मिळाला ते बरे झाले, कारण आत मिळालेल्या दोन-तीन तासांत आम्ही भिंतीच चित्रित केल्या असत्या.

१८ एप्रिलची भेट पंचेचाळीस मिनिटांची होती. वही-पेन आत नेता आले नाही, म्हणून तिघांनी आधीच वाटणी करून घेतली होती: एकाने आवाज लक्षात ठेवायचे, एकाने रंग आणि मापे, मी माणसांचे हात. बाहेर आल्यावर रस्त्यापलीकडच्या झाडाखाली बसून आम्ही अर्धा तास न बोलता लिहीत होतो. ध्वनीवाल्या मित्राच्या कागदावर पहिलीच ओळ होती, “किल्ल्यांचा आवाज नाही, चपलांचा आहे.” मुलाखतीच्या, म्हणजे बंद्यांना घरचे भेटतात त्या, जागी काचेच्या अलीकडे-पलीकडे इंटरकॉमचे रिसीव्हर होते, आणि एक म्हातारी बाई रिसीव्हर कानाला लावूनही काचेच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलत होती, त्यामुळे तिचा मुलगा तिला वाफेने धूसर झालेल्या काचेतून पाहत होता. हे दृश्य लघुपटात आहे आणि ते मी रचलेले नाही.

खरा बदल मे महिन्यात झाला, आणि तो माझ्याच नोकरीच्या जागेतून आला. मी एका बँकेत काउंटरवर बसते. दादांना मी विचारले होते की सुटल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सगळ्यांत कठीण काय गेले. मला वाटले, ते गावकऱ्यांच्या नजरांबद्दल बोलतील. ते ओटीपीबद्दल बोलू लागले. ते आत असताना त्यांचा मोबाईल क्रमांक बंद पडला आणि दुसऱ्या कोणाला तरी दिला गेला. आधारला तोच क्रमांक जोडलेला, त्यामुळे प्रत्येक ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात जाऊन पडत होता. बँकेतले खाते दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले. ते सुरू करायचे तर केवायसी हवी, केवायसीला आधार हवे. आधार केंद्रात क्रमांक बदलायला तेव्हा पन्नास रुपये लागत, पण बोटांचे ठसे जुळावे लागत, आणि सहा वर्षे तुरुंगातल्या कारखान्यात काम करून त्यांची बोटे इतकी गुळगुळीत झाली होती की यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवी. “बँकेतल्या बाई म्हणाल्या, सोमवारी या,” दादा म्हणाले. “चार सोमवार गेलो.” ती बँक माझी नव्हती. पण ‘सोमवारी या’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते, ते मला ठाऊक आहे, आणि समोरचा माणूस इतकी वर्षे कुठे होता, हे विचारण्याची मला कधी गरज वाटली नव्हती.

त्या आठवड्यात संहिता उलटी झाली: सात मिनिटे आत, पंधरा बाहेर. आता नायकाच्या मागे तीन कागद लागतात. पहिला आधारचा. दुसरा चारित्र्य पडताळणीचा, कारण त्याला सुरक्षारक्षकाची नोकरी मिळू शकत असते आणि ती पोलिसांच्या दाखल्याशिवाय मिळत नाही. तिसरा भाडेकरूच्या माहितीचा अर्ज, जो घरमालक पोलीस ठाण्यात नेतो आणि परत येऊन ‘खोली पुतण्याला द्यायची ठरली’ असे सांगतो. मधल्या काळात वस्तीत एक घरफोडी होते आणि नोंदीवरच्या माणसांना उचलायला येणारी गाडी आधी त्याच्या दाराशी थांबते. ही घरफोडी त्याने केलेली नसते. पुढची तो करतो. या दोहोंमधले अंतर एका आठवड्याचे आहे आणि लघुपट बहुतांशी त्या आठवड्याचाच आहे. तो नाइलाजाने चोर झाला असे दाखवायचे नाही, यावर दादा माझ्यापेक्षा जास्त ठाम होते. “त्याला माहीत असतं काय करतोय ते,” ते म्हणाले. “फक्त त्या दिवशी ते सगळ्यात सोपं असतं. आत जाणं नाही, चोरी. चोरीला कागद लागत नाही.” हा संवाद जसाच्या तसा ठेवला आहे, मात्र नायकाच्या नव्हे, शेजारच्या बराकीतल्या माणसाच्या तोंडी.

शहराबाहेरची एक रिकामी गोदामाची शेड दिवसाला सात हजार रुपयांप्रमाणे पाच दिवसांसाठी घेतली आणि तिच्यात बराक उभी केली. नेपथ्याला ब्याण्णव हजार लागले, त्यातले निम्मे जमिनीला गेले, कारण दादांच्या मते बराकीतला माणूस दिवसभर जमीनच पाहत असतो आणि चकचकीत फरशी दिसली की सगळे खोटे वाटेल. कॅमेरा, भिंगे आणि दिवे यांचे भाडे दिवसाला एकवीस हजार. कपडेपटवाल्याने तुरुंग रक्षकांसाठी जे खाकी गणवेश दिले, त्यांवर पोलिसांची बोधचिन्हे होती. तालमीला आलेल्या एका निवृत्त तुरुंग कर्मचाऱ्याच्या ते लक्षात आले नसते तर ती चूक कायमची पडद्यावर राहिली असती. गणवेश घातलेल्या नटांना रस्त्यावर उभे करायचे असेल, तर स्थानिक पोलीस ठाण्याला तारीख, वेळ आणि गाड्यांचे क्रमांक देऊन लेखी कळवा, आणि पोचेची प्रत त्या नटाच्याच खिशात ठेवा. आमच्या ‘हवालदारा’ला एका दुकानदाराने खऱ्याच तक्रारीसाठी थांबवून ठेवले होते.

चित्रीकरण १२ ते १६ जून २०२४ असे ठरले होते. जूनमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये कोणी ध्वनिमुद्रण करू नये, हे आज मला सांगायलाही लाज वाटते. लोकसभेच्या निवडणुकीमुळे एप्रिल-मेमध्ये पोलीस परवानगी मिळणे अवघड होते आणि मुख्य नटाची रजा जूनचीच होती, ही आमची कारणे. पावसाला ती सांगता आली नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी पत्र्यावर असा मारा सुरू झाला की समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांना एकमेकांचे ऐकू येईना. आम्ही तीन तास थांबलो, मग चित्रीकरण तसेच उरकले आणि त्या दिवसाचे सगळे संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा मुद्रित केले. चौदा हजार रुपये आणि दोन दिवस वाढले. एका ठिकाणी मात्र पाऊस तसाच ठेवला आहे. मोजणीच्या दृश्यात रक्षकाचे आकडे पावसात बुडून जातात आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. ते लिहिलेले नव्हते, घडले.

संकलन चालू असताना १ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाले. आमच्या संवादांत सगळे जण एकमेकांना कलमांनी ओळखत होते. घरफोडीवाला म्हणजे ‘चारशे सत्तावन्न, तीनशे ऐंशी’. भारतीय न्याय संहितेत हीच कलमे ३३१ आणि ३०५ झाली. संवाद पुन्हा मुद्रित करायचे की काय, या चिंतेत दोन दिवस गेले आणि शेवटी कथा २०१९ मध्ये घडते, अशी एक ओळ सुरुवातीला टाकून प्रश्न सुटला. नोटबंदीच्या आधी आत गेलेला आणि सुटल्यावर जांभळी शंभराची नोट प्रथमच उलटसुलट करून पाहणारा नायक त्या सालात नेमका बसतही होता.

दुसरा धक्का ३ ऑक्टोबरचा. तुरुंगात जातीनुसार कामे वाटून देणाऱ्या नियमावल्यांतल्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी घटनाबाह्य ठरवल्या आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. आमच्या लघुपटात नवा बंदी आल्यावर कारकुनी करणारा जुना बंदी त्याला आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग काही न बोलता झाडू पुढे करतो, असा चाळीस सेकंदांचा प्रसंग होता. तो काढावा असे चमूतल्या दोघांचे मत पडले, कारण आता कायदा बदलला आहे. मी तो ठेवला. कथा २०१९ ची आहे हे एक कारण. दुसरे असे की आमचा नायक ज्या समाजाचा आहे, त्याच्या कपाळी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, तरी घरफोडी झाल्यावर गाडी आधी कोणाच्या दाराशी थांबते हे बदलायला तेवढे पुरले नव्हते. हे लघुपटात कुठेही बोलून दाखवलेले नाही. झाडू आणि गाडी, एवढेच आहे.

प्रमाणपत्राबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे असतो. लघुपट फक्त महोत्सवांत दाखवायचा असेल, तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची घाई करू नये. महोत्सवाचे आयोजक माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. यूट्यूबवर टाकण्यासाठीही ते लागत नाही. आम्हाला मात्र सभागृहात जाहीर खेळ करायचे होते आणि सभागृहाने प्रमाणपत्राची प्रत मागितली होती. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. संहितेची अंतिम प्रत, गाण्यांचे शब्द असल्यास ते, आणि निर्मात्याची कागदपत्रे स्कॅन करून तयार ठेवली तर एका बैठकीत अर्ज भरून होतो. आम्हाला तीन बैठका लागल्या.

दोन गोष्टी मात्र अर्जाच्या वेळी नव्हे, संहिता लिहितानाच ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली तंबाखू. पडद्यावर तंबाखूचे सेवन किंवा तंबाखूची वस्तू दिसली, की सुरुवातीला आणि मध्ये प्रत्येकी तीस सेकंदांची आरोग्यविषयक चित्रफीत, प्रत्येकी वीस सेकंदांचे निवेदन आणि दृश्य चालू असताना खाली इशारा, असे सगळे येते. बावीस मिनिटांच्या लघुपटात मधोमध जवळपास मिनिटभर प्रेक्षक कथेबाहेर जाणार. तुरुंगात देवघेवीचे चलन म्हणून मी तंबाखूची पुडी लिहिली होती. दादांना विचारून तिथे साबणाची वडी आणि बिस्किटांचे पुडे आणले, आणि ते म्हणाले की खरे तर तेही तितकेच चालतात. दुसरी गोष्ट प्राण्यांची. बराकीत येणारी एक मांजर मला फार हवी होती, पण प्राण्याकडून काम करून घ्यायचे तर प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी आणि नंतर ना हरकत प्रमाणपत्र लागते. मांजर संहितेतच मेली. तरीही रस्त्यावरच्या एका दृश्यात भटका कुत्रा चौकटीतून निघून गेलेला होता, तो नजरेस आल्यावर आम्ही त्या दृश्याची चार सेकंदे कापली. कदाचित खुलासा देऊनही भागले असते, पण माझ्यात आणखी एका कागदाचे त्राण उरले नव्हते.

११ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्ज दाखल झाला. एका शिवीचा आवाज बंद करायला सांगण्यात आले, तो केला, आणि ४ एप्रिलला ‘यूए १३+’ असे प्रमाणपत्र आले. सगळा मिळून खर्च चार लाख शहाऐंशी हजार झाला. त्यातले तीन लाख माझ्या बचतीतले, उरलेले अकरा जणांनी जमतील तसे घातले. कोणाचे परत आलेले नाहीत.

नामावलीबद्दल सांगायचे राहिले. अर्ज भरण्याच्या आठवडाभर आधी, ३ फेब्रुवारीला, दादांचा फोन आला. ‘मार्गदर्शन’ या शब्दापुढे त्यांचे पूर्ण नाव होते. डिसेंबरमध्ये ते पडद्यावर पाहून त्यांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला होता. आता ते म्हणाले, “ताई, नाव काढता येईल का?” त्यांना एका गृहनिर्माण संस्थेत रात्रपाळीचे काम लागले होते आणि तिथल्या एका सभासदाला लघुपटांची आवड होती. मी म्हटले, नुसते आद्याक्षर ठेवू. ते थोडे थांबून म्हणाले, “आडनावाचं अक्षरही नको.” प्रमाणपत्र मिळाल्यानंतर लघुपटात काहीही बदलले तर ते सेन्सॉर मंडळाला कळवून नोंदवून घ्यावे लागते, त्यामुळे काय ते आठ दिवसांतच करणे भाग होते. करारातले कलम दाखवून मी चमूला कळवले, संकलकाने ती ओळ काढली आणि नवी प्रत काढायला साडेतीन हजार रुपये घेतले. ओळीच्या जागी दुसरे काही घातले नाही. नामावली दोन सेकंदांनी लहान झाली आणि अर्जात लांबीच्या रकान्यात मी बावीस मिनिटे चौदा सेकंदांऐवजी बावीस मिनिटे बारा सेकंद असे लिहिले.